दुसऱ्या पेल्यातलं दूध

काकेगावा
९ ऑक्टोबर

ती. आत्यास,
चिहोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि आतोबांनी पाठवलेले सुके मासे, दोन्ही पोचले. मासे एका बैठकीत संपले. पत्र मात्र पुरवून पुरवून वाचते आहे. तुला कमी ऐकू यायला लागल्यापासून आपला फोन बंद झाला म्हणून बाबा हळहळतात. मला खरं सांगू का, बरंच वाटतं. फोनवर तू मला एवढं बोलूच दिलं नसतंस.

शाळेत माझं हे दुसरं वर्ष. चौथीची मुलं आता माझ्या अंगवळणी पडली आहेत आणि मी त्यांच्या. पण नोव्हेंबरातला पाहणीचा पाठ माझ्या गळ्यात पडलाय. जन्मभर शिकवलेल्या तुला काय सांगायचं! आसपासच्या सगळ्या शाळांचे शिक्षक येऊन भिंतीला लागून उभे राहणार, माझा एकेक शब्द टिपून घेणार, आणि मुलं घरी गेल्यावर संध्याकाळपर्यंत माझी पिसं काढणार. विषय अपूर्णांकांची बेरीज.

आमच्याकडे या पाठांची सगळी जबाबदारी कुवाबारा गुरुजींवर असते. मार्चमध्ये ते निवृत्त होतायत, म्हणजे ही त्यांची शेवटची पाहणी. त्यामुळे येता-जाता माझ्या टेबलाशी थबकतात. म्हणतात, मुलं बरोबर उत्तरं देणार, त्यात पाहायचं काय? पाठाला एक चांगली चूक लागते. ती फळ्यावर यावी, पुसली जाऊ नये, तिच्याखाली त्या मुलाच्या नावाची चकती लागावी, आणि त्याला असं का वाटलं याचा शोध अख्ख्या वर्गानं घ्यावा. चूक नसलेला पाठ म्हणजे मिसो न घातलेलं सूप, म्हणे.

माझी भीती अशी की माझी अर्धी पोरं संध्याकाळी शिकवणीला जातात. तिथे हे सगळं आधीच घोटून झालेलं असतं. त्या दिवशी कुणी चुकलंच नाही तर? एक कानाए तेवढी भरवशाची. तोफूवाल्या ओगुचींची मुलगी. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचा हात वर, आणि मनात येईल ते बोलून मोकळी. चुकली तर स्वतःच आधी हसते. अशी दोन-चार मुलं वर्गात असली की बाईंचा दिवस बरा जातो.

आतोबांना नमस्कार. माझ्यासाठी चार शब्द शहाणपणाचे पाठव, आणि ते पचतील एवढी माया सोबत असू दे.
तुझी चिहो

—

शिका, नोतो
१७ ऑक्टोबर

चि. चिहोस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

इथे पर्सिमनची फळं सोलून वाळत घालायचा हंगाम जोरात आहे. मी सोलते, तुझे आतोबा दोरीला बांधतात, आणि मोडकं देठ दिसलं की ते बांधता येत नाही म्हणून खाऊन टाकतात. यंदा मोडकी देठं फार निघतायत.

तुझे कुवाबारा गुरुजी बोलतात ते खरं, पण अर्धं. चूक हवी हे ठीक. ती मागवता येत नाही, हे त्यांनी सांगायला हवं होतं. मांजरीसारखं आहे ते. हाका मारल्यास तर येणार नाही, आपलं काम करत बसलीस तर मांडीवर येऊन बसेल. मुलं कुठे कुठे अडखळतील याचा विचार हवा तेवढा कर, त्यात काटकसर नको. पण एक लक्षात ठेव. आपल्याच वर्गावर तालीम करायची नाही. शेजारच्या वर्गावर कर, भिंतीपुढे कर, आरशापुढे कर. आपल्या मुलांसाठी तो दिवस पहिला असला पाहिजे.

आणि कुणी चुकलंच नाही तर काय होईल गं? लोक म्हणतील चिहोबाईंचा पाठ सपक झाला. होऊ दे की. माझे किती झाले, मी अजून जेवते आहे.

पर्सिमन वाळले की पाठवते. जीव लावून शिकव, आणि जीव टांगणीला लावू नकोस.
तुझी आत्या, हात्सुनो

—

काकेगावा
२२ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

झाला एकदाचा पाठ! आणि असा झाला की मलाच खरं वाटत नाही.

वर्गात उभं राहायला जागा नव्हती. फळ्यावर मी दोन पेले काढले, प्रत्येकाचे तीन सारखे भाग, आणि प्रत्येकात एक भाग दूध. दोन्ही मिळून किती, असं विचारलं. कानाए उठली आणि म्हणाली, सहा भागांतले दोन. फळ्यापाशी येऊन तिनं दोन्ही पेले बोटानं मोजून दाखवले. हे तीन, हे तीन, झाले सहा. त्यातले भरलेले दोन. या वेळी तर आवाजही मोठा लागला होता, मागच्या भिंतीपर्यंत गेला. पाहुण्यांचे कान टवकारलेले मला दिसत होते. मग वर्गानं ती चूक अशी काही उलगडली की काय सांगू. शेवटी कानाएनंच विचारलं, सहातले दोन म्हणजे तर तीनातला एकच झाला, मग दुसऱ्या पेल्यातलं दूध कुणी प्यालं? सगळे हसले. पाहुण्यांनी फळ्याचे फोटो काढले. संध्याकाळच्या चर्चेत माझी पिसं निघाली नाहीत, उलट पाठ थोपटून थोपटून लाल झाली.

कुवाबारा गुरुजी फारसं बोलले नाहीत. या पाठावर पुस्तिका छापायची असं मात्र ठरलं. त्यात त्या फळ्याचा फोटो येणार, कानाएच्या नावाच्या चकतीसकट.

बाकी ठीक. थंडी पडली आहे. मुलं जरा मरगळल्यासारखी वाटतात, प्रश्न विचारला की एकमेकांकडे बघतात. कानाए दुपारच्या जेवणात अर्धा ब्रेड तसाच ठेवते. सर्दी असेल.

पर्सिमनची वाट पाहते आहे. कौतुकाचं पत्र पाठव. नाही पाठवलंस तर रुसेन, आणि मग तूच समजूत काढशील.
तुझी चिहो

—

शिका
२८ नोव्हेंबर

चि. चिहोस,
अनेक आशीर्वाद.

पर्सिमन वेगळे पाठवते आहे. कौतुकाचं पत्र लिहायला बसले होते, पण एका जागी अडले. कानाएचा आवाज या वेळी मोठा लागला, असं तू लिहिलंस. मग याच्या आधीची वेळ कुठली?

उत्तर द्यायची घाई नाही. पण दे.
आत्या

—

काकेगावा
५ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि मी ते ड्रॉवरमध्ये पालथं घालून ठेवलं. पालथं घातलं तरी दिसायचं ते दिसतंच. लाज वाटते गं आत्या. इतकी की लिहितानाही मान खाली आहे, आणि समोर तू नाहीस, नुसती भिंत आहे.

तू बजावलं होतंस तेच मी केलं. पाठाच्या आदल्या दिवशी माझा धीर सुटला. वाटलं, एकदा करून बघू, थोडंसंच. केलं ते पुरंच्या पुरं. आणि तेव्हा कानाए खरोखर चुकली. सहा भागांतले दोन, असं ती ठणकावून म्हणाली. वर्ग भांडला, पेले काढले, पुसले, पुन्हा काढले. मग हिनं आपणच कपाळावर हात मारला आणि त्या दुधाचा प्रश्न विचारला. तो प्रश्न तिचा होता, आणि तिला तो त्या क्षणी सुचला होता. जागच्या जागी उड्या मारत होती. आत्या, माझ्या दोन वर्षांतला तो सगळ्यात चांगला पाठ. बघायला कुणी नव्हतं, आणि मला त्याचंच वाईट वाटलं. बघ माझी नियत.

मग साफसफाईच्या वेळी, सगळी मुलं फडकी घेऊन फरशी पुसत होती, तेव्हा मी तिला व्हरांड्यात बोलावलं. म्हटलं, कानाए, उद्या पाहुणे आले की आजच्यासारखंच चुकशील का? हातात ओलं फडकं घेऊन ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, पण बाई, मला आता येतंय. मी म्हटलं, बाईंना मदत म्हणून. आणि कुणाला सांगू नकोस. तिनं मान डोलावली. बाकीच्या मुलांनाही सांगितलं की उद्या पहिल्यांदाच करतोय असं करायचं. गंमत म्हणून. मी तो शब्द वापरला, गंमत.

पुढचं ऐक. पाहुण्यांतल्या एक बाई ओगुचींच्या दुकानातून तोफू नेतात. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांच्या गर्दीत त्या कौतुकानं म्हणाल्या, तुमच्या मुलीनं काय छान चूक केली हो! आम्ही शिक्षक ती चूक वाखाणतो, पण दुकानातल्या बायकांना काय कळणार? आईला एवढंच ऐकू आलं की चाळीस शिक्षकांसमोर आपली मुलगी चुकली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तिला सोयाबीन शिजवायच्या चुलीशेजारी बसवून अपूर्णांक गिरवून घेतात. येत असलेले अपूर्णांक. हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. कानाए घरी एक अक्षर बोललेली नाही, कारण मी सांगितलं होतं, कुणाला सांगू नकोस.

वर्गात तिचा हात आता वर येत नाही. आणि परवा मी गणित घातलं तर पुढच्या बाकावरच्या मुलानं अगदी सरळ मनानं विचारलं, बाई, खरं सांगायचं की पाहुणे आल्यावरचं सांगायचं? कुणी हसलं नाही. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते.

पुस्तिका छपाईला जायची आहे. मी बोलले तर कुवाबारा गुरुजींच्या शेवटच्या वर्षाला काळं फासलं जाईल. नाही बोलले तर ती चकती जन्मभर त्या चुकीखाली राहील. काय करू सांग. शिव्या दे, पण उत्तर दे.
तुझ्या लोभाला सध्या लायक नसलेली,
चिहो

—

शिका
१२ डिसेंबर

चि. चिहोस,
आशीर्वाद आहेत, पण आज हात आखडता घेते.

शिव्या मागितल्यास, मग घे. निर्लज्ज आहेस असं लिहिणार होते, पण तू निर्लज्ज असतीस तर सुखानं झोपली असतीस. तू भित्री आहेस. आणि भित्र्या माणसानं जे करावं तेच केलंस, आपली भीती आपल्याहून लहान माणसाच्या डोक्यावर ठेवलीस. नऊ-दहा वर्षांची पोर ती. चुलीशेजारी बसून तुझा शब्द पाळते आहे, आणि तू कुवाबारांच्या अब्रूचा हिशेब मांडते आहेस! त्यांची अब्रू सांभाळायला ते पुरेसे मोठे आहेत.

तुझे आतोबा म्हणाले, जाऊ दे, लहान आहे, चुकली. मी म्हटलं, ही चुकली नाही, हिनं चुकायला लावलं. या दोन्हींत फरक आहे, आणि तो तुला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. चुकीवरच तर तुझा पाठ होता.

आता माझ्यापुढे मान खाली घालून उपयोग नाही. मी काही ती पोर नाही. आधी तिच्या आईकडे जा. मग गुरुजींकडे. मग वर्गात, सगळ्यांदेखत. पुन्हा व्हरांड्यात नेऊन तिच्या कानात माफी मागितलीस तर माझ्याशी गाठ आहे. चार लोकांत तिचं जे नेलंस ते चार लोकांतच परत दे.

रागावले आहे, म्हणजे अजून तुझीच आहे असं समज.
आत्या

—

काकेगावा
११ जानेवारी

ती. आत्यास,
नव्या वर्षाचा सा. न. वि. वि.

तांदळाची मोची खाल्ली, देवळात जाऊन आले, घंटा वाजवली. काय मागितलं ते विचारू नकोस.

ओगुचींच्या दुकानात गेले होते. मिठाईचा खोका छान कापडात बांधून नेला होता. काउंटरपाशी पोचले, कानाएच्या आईनं हात पुसत पुसत विचारलं, बाई, काय देऊ? आणि माझ्या तोंडून निघालं, एक तोफू. घेऊन परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. त्या इतक्या अदबीनं वाकल्या, म्हणाल्या, आमची मंद आहे, तुम्हाला त्रास देते, सांभाळून घ्या. आत्या, मी तिथेच मातीत जायला हवं होतं. मी म्हटलं, छे छे, आणि तळलेला तोफू द्या. आता घरात तोफूशिवाय काही नाही. सकाळी सूपमध्ये, रात्री भाताबरोबर. मिठाई मात्र तशीच आहे, तिची तारीख उलटायला आली.

कानाए आतल्या पडद्याआडून बघत होती. मला नमस्कार केला तिनं. शाळेत करतात तसा, पाठ सरळ ठेवून.

हसू नकोस. किंवा हस, पण माझी कड सोडू नकोस.
चिहो

—

शिका
१६ जानेवारी

चि. चिहोस, आशीर्वाद.

तोफू पुरे.
आत्या

—

काकेगावा
४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या दोन शब्दांचं कार्ड पाकिटात घालून शाळेत गेले. क्रम मात्र तू सांगितलास तसा राहिला नाही. परवा पालकांना वर्ग पाहायला बोलावण्याचा दिवस होता. ओगुचीबाई येणार हे कळलं होतं. दुकानात माझी जीभ उचलत नाही तर निदान जिथे चोरी केली तिथेच बोलावं, असं ठरवलं.

सकाळी आधी कुवाबारा गुरुजींकडे गेले. सगळं सांगितलं आणि मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी चहाचा पेला बाजूला ठेवला. मग म्हणाले, त्या दिवशी ती मुलगी बोलण्याआधी तुमच्याकडे बघत होती. चुकणारं मूल फळ्याकडे बघतं, बाईंकडे नाही. मला तेव्हाच कळलं होतं, पण पाठ इतका सुरेख चालला होता, आणि माझा शेवटचा होता. मी मान दुसरीकडे वळवली. एवढं बोलून त्यांनी मलाच नमस्कार केला. इतका खाली वाकून की मला कुठे बघावं कळेना. पुस्तिकेतली ती पानं त्यांनी स्वतः काढली. आता पुस्तिका फारच थोड्या पानांची निघेल.

तिसऱ्या तासाला आया येऊन मागे उभ्या राहिल्या. ओगुचीबाई दुकानातून तशाच आल्या होत्या, दारात रबरी बूट काढून पाय शाळेच्या चपलांत घालून, सगळ्यांच्या मागे. मी फळ्यावर ते दोन पेले काढले. कानाएच्या नावाची चकती काढून खिशात ठेवली आणि त्या जागी खडूनं माझं नाव लिहिलं. म्हटलं, कानाएला हे गणित पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशीच आलं होतं. मला शाबासकी हवी होती, म्हणून मी तिला मुद्दाम चुकायला लावलं आणि गप्प राहायला सांगितलं. तिनं दोन्ही केलं. चूक माझी आहे. मग मुलांपुढे वाकले.

तेव्हा पुढच्या बाकावरच्या त्याच मुलानं हात वर केला. वर्गात कुणी चुकलं की काय विचारायचं ते मीच त्यांना शिकवलं आहे ना! त्यानं तेच विचारलं. बाई, तुम्हाला असं का वाटलं? आत्या, तो खोडी काढत नव्हता. आमच्या वर्गाची रीत आहे ती. आणि फळ्याशी उभं राहून उत्तर देण्याचीही रीत आहे. म्हणून दिलं. म्हटलं, मला भीती वाटत होती. कशाची, म्हणून दुसरी एक उठली. म्हटलं, मला शिकवता येत नाही हे सगळ्यांना कळेल याची. मागून एकजण म्हणाला, मग विचारायचं ना कुणाला तरी. मी म्हटलं, विचारलं होतं. माझ्या आत्यानं सांगितलं होतं, तरी ऐकलं नाही. हे मात्र सगळ्यांना ओळखीचं वाटलं. दोघं-तिघं हसले. कानाए हसली नाही. ती बाकावरच्या रेघांकडे बघत होती.

शाळा सुटल्यावर मिठाई घेऊन दुकानात गेले, नवीन खोका. ओगुचीबाईंनी खोका घेतला नाही. म्हणाल्या, रोज तिला रडवून गणितं करून घेतली मी, ती एक शब्द बोलली नाही, आणि मी तिला ठोंब म्हटलं. आता हे मी कुठे ठेवू ते सांगा, बाई. खोका परत आणला. तो समोर ठेवूनच हे लिहिते आहे.

शाबासकी मागत नाही. फक्त पत्र लिहीत राहा.
चिहो

—

शिका
११ फेब्रुवारी

चि. चिहोस,
अनेक आशीर्वाद, या वेळी हात सैल सोडून.

त्या माउलीनं खोका घेतला नाही हे बरं झालं. घेतला असता तर तुला वाटलं असतं की फिटलं. दुकानातून तोफू घेत जा, तेवढीच ओळख राहू दे. आणि कानाएला हसवायला जाऊ नकोस. तिचा राग तिचा आहे, त्यावर तरी आता हात टाकू नकोस. वर्गात प्रश्न विचार, सगळ्यांकडे सारखी बघ, आणि थांब. थांबणं हे आपल्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम, पण त्याची पाहणी करायला कुणी येत नाही.

इथे बर्फ दारापर्यंत आलं आहे. आतोबा ते ओढताना तुझ्या नावानं पुटपुटतात, पोरीनं केलं हो, म्हणून. मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं. तुझी खुशाली कळव, मग वाईट असली तरी.
आत्या

—

काकेगावा
६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

प्लमची झाडं फुलून गेली. कुवाबारा गुरुजींच्या निरोपाची तयारी चालली आहे, मुलं गाणं बसवतायत. आता आमच्याकडे कशाचीही तालीम करायची असली की मुलं मला आधी विचारतात, बाई, ही तालीमच आहे ना? मी सांगते, हो, ही तालीम आहे. मग गातात. दर वेळी माझे कान तापतात. तापू देत.

तू सांगितलंस तशी थांबले. रोज प्रश्न विचारला, सगळ्यांकडे सारखं बघितलं. कानाए वही लिहायची, फरशी पुसायची, वाढपाच्या पाळीला पांढरा डगला घालून सगळ्यांना सूप वाढायची. मला पण वाढायची, ना कमी ना जास्त. हात मात्र खालीच.

काल शाळेच्या बागेतल्या वाफ्याचं गणित होतं. चौरस वाफा आहे, त्याच्या चारही बाजू दुप्पट केल्या तर मुळ्याची रोपं किती पट मावतील? शिकवणीवाली पोरं लगेच पुटपुटायला लागली. आणि मागच्या बाकावरून एक हात वर आला. माझा प्रश्न पुरता संपलाही नव्हता.

कानाए उठली. माझ्याकडे बघितलं नाही तिनं. फळ्याकडे बघत ठणकावून म्हणाली, दुप्पट. बाजू दुप्पट तर रोपं दुप्पट. दोन-तीन जणांनी मान हलवली, कुणीतरी च्च केलं. ते तिनं ऐकलं. मी खडू उचलला, पण लिहायचा धीर होईना. तिची चूक फळ्यावर मांडायचा हक्क माझ्याकडे उरलाय का, मला कळत नव्हतं. मी तशीच उभी राहिले.

तेव्हा ती म्हणाली, लिहा ना बाई. ही माझी खरीच आहे.

मी तिच्या नावाची चकती शोधायला लागले. ती त्या दिवसापासून माझ्या खिशातच होती. फळ्यावर लावली, शेजारी उत्तर लिहिलं, आणि मुलांकडे वळायला मला फार वेळ लागला. पाठ करूनच म्हटलं, कानाए, तुला असं का वाटलं? मागून तिच्या चपलांचा आवाज फळ्याकडे येत होता.

आतोबांना नमस्कार. लाज अजून गेलेली नाही, आणि तुझा लोभही जाऊ देऊ नकोस. दोन्ही लागतील.
तुझी चिहो